इटलीच्या ऑलिंपिक-विजेत्या

सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती काळ, हे आपल्याकडील श्रोत्यांना वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक सामन्यांत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तेवढ्याच अंतराने हुकले, आणि ती हळहळ एका संपूर्ण पिढीने मनात जपली. आज मी ज्या स्त्रियांविषयी बोलणार आहे, त्यांच्या कथेचा आरंभही एका अडथळ्यांच्या शर्यतीनेच होतो. तेथेही निकाल सेकंदाच्या शतांशांवरच लागला. पण तेथे ज्या दोघींना आशा होती त्या एकाच देशाच्या, एकाच गावच्या होत्या, आणि एकीचे भाग्य उजळले ते दुसरीला मागे टाकूनच.

ती शर्यत बर्लिनच्या क्रीडागारात ६ ऑगस्ट १९३६ रोजी झाली. अंतर ८० मीटर, वाटेत आठ अडथळे, प्रत्येकाची उंची सुमारे ७६ सेंटिमीटर. चार मुली इतक्या एकत्र अंतिम रेषेवर आल्या, की हातातल्या घड्याळांनी चौघींनाही एकच वेळ दिली : ११.७ सेकंद. निकाल देणाऱ्यांना छायाचित्राचा आधार घ्यावा लागला. छायाचित्रावरून जी सूक्ष्म वेळ काढण्यात आली तीत पहिलीची वेळ ११.७४८ आणि चौथीची ११.८१८ अशी भरली. पहिली आली ती इटलीची ओंदिना वाल्ला. मधल्या दोन जागा जर्मनी आणि कॅनडा यांच्या मुलींना मिळाल्या. चौथी, म्हणजे पदकाविना परतणारी, क्लाउदिया तेस्तोनी; तीही इटलीचीच, तीही बोलोन्याचीच.

ओंदिनाचे खरे नाव त्रेबिझोंदा. काळ्या समुद्राच्या काठी त्रेबिझोंद नावाचे प्राचीन नगर आहे. चार मुलांच्या पाठीवर झालेल्या या कन्येला तिच्या वडिलांनी त्या नगराचे नाव दिले. असे भारदस्त नाव घेऊन शाळेत वावरणे कोणत्याही मुलीला जडच जाणार; पुढे ‘ओंदिना’, म्हणजे छोटी लाट, हे सुटसुटीत नाव रूढ झाले. क्लाउदिया तिच्याहून काही महिन्यांनी मोठी. शालेय स्पर्धांपासूनच दोघींची चुरस सुरू झाली आणि ती संपूर्ण तारुण्यभर चालली. तेस्तोनी ही केवळ हरलेली खेळाडू म्हणून लक्षात राहावी, हे मात्र अन्यायाचे होईल. १९३८ साली व्हिएन्ना येथे तिने युरोपचे अजिंक्यपद मिळविले आणि पुढल्या वर्षी याच शर्यतीत ११.३ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला. तिची वेळ यायची होती ती १९४०च्या ऑलिंपिकमध्ये; आणि ते ऑलिंपिक युद्धाने गिळले.

या विजयाचे मोल समजून घ्यावयाचे तर त्यापूर्वीची चार वर्षे पाहावी लागतात. १९३२ साली लॉस एंजेलिसला इटलीने मोठा चमू पाठविला, परंतु त्यातील खेळाडूंत एकही स्त्री नव्हती. ओंदिना तेव्हा सोळा वर्षांची होती आणि देशातील उत्तम खेळाडूंत तिची गणना होत होती. पुढे वृद्धपणी ती सांगत असे, की पुरुषांनी भरलेल्या जहाजातून एकट्या मुलीला न्यायचे म्हणजे अडचणच, आणि शिवाय स्त्रियांनी मैदानात धावावे हे धर्मपीठाला रुचत नव्हते. मुसोलिनीच्या राजवटीचे धोरण या बाबतीत दुटप्पी होते. मुलींनी व्यायाम करावा, सुदृढ व्हावे, कारण पुढे त्यांना सुदृढ संतती प्रसवायची आहे, येथपर्यंत राजवटीची संमती होती. पण जाहीर स्पर्धेत उतरून कीर्ती मिळविणे हे स्त्रीधर्मात बसते की नाही, याविषयी तिच्या मनात शंका होती. बर्लिनचा निकाल लागताच ती शंका एका दिवसात मावळली आणि वीस वर्षांची ओंदिना राष्ट्राच्या अभिमानाचा विषय झाली. सत्तेला विजय हवाच असतो. तो कोणी मिळविला हा प्रश्न ती मागाहून सोडविते.

ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारी ओंदिना वाल्ला ही पहिली इटालियन स्त्री. ‘पहिली पदकविजेती’ असे मात्र तिला म्हणता येणार नाही. तिच्या आठ वर्षे आधी, १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला, पाविया या गावच्या मुलींनी कसरतीच्या सांघिक स्पर्धेत रौप्यपदक पटकाविले होते. त्या संघात लुइजिना जाव्होत्ती नावाची मुलगी होती. तिचे वय बारा वर्षेही पूर्ण झालेले नव्हते! या पावियाच्या मुलींची आठवण शेवटी पुन्हा निघेल. ओंदिनाचे ते सुवर्णपदक १९७८ साली चोरीस गेले. १९८४ मध्ये तिला त्याची प्रतिकृती देण्यात आली. ती २००६ साली, नव्वदी ओलांडून, लाक्विला येथे वारली.

दुसरे नाव इरेने काम्बेर. तिचा जन्म १९२६ चा, गाव त्रिएस्ते. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकचे नाव निघाले, की मराठी माणसाच्या मनात एकच चित्र उभे राहते : कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, लोकांनी वर्गणी काढून पाठविलेले, कुस्तीत कांस्यपदक घेऊन परत येणारे. त्याच पंधरवड्यात, त्याच नगरात, काम्बेर तलवारबाजीच्या अंतिम फेरीत उतरली होती. तिचे गावही त्या वेळी अधांतरी होते. महायुद्धानंतर त्रिएस्ते हे नगर इटलीपासून अलग करून दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाखाली ठेवलेले होते. इटलीकडे ते परत आले १९५४ साली. ज्या गावावर आपल्या देशाचा झेंडा अद्याप फडकत नाही, त्या गावची मुलगी त्या झेंड्यासाठी लढत होती, हे त्रिएस्तेच्या लोकांना किती महत्त्वाचे वाटले असेल!

येथे तलवारबाजीविषयी थोडे सांगावयास हवे. हा खेळ तीन शस्त्रांनी खेळला जातो. त्यांतील ‘फॉइल’ हे हलके, लवचीक शस्त्र. स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये बरीच वर्षे तेवढेच वापरावयास मिळे. यात केवळ धडावर टोचलेला वारच ग्राह्य धरतात. हातापायांवर किंवा मस्तकावर लागलेला वार व्यर्थ. दोघांचे वार एकाच वेळी लागले तर जिने आक्रमण आधी आरंभिले तिला गुण. प्रतिपक्षाचे शस्त्र अडविले तर आक्रमणाचा हक्क अडविणाऱ्याकडे येतो. त्यामुळे फॉइलची लढत दोन वकिलांच्या वादविवादासारखी चालते. मुद्दा मांडायचा, खोडायचा, उलट मुद्दा मांडायचा, आणि हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. आज वार लागला की विजेचा दिवा पेटतो. १९५२ साली फॉइलला ते साधन नव्हते. पंच आणि त्यांचे चार साहाय्यक आपल्या डोळ्यांनी पाहून निर्णय देत.

हेलसिंकीत काम्बेरच्या समोर होती हंगेरीची इलोना एलेक. एलेकने १९३६ चे सुवर्णपदक जिंकलेले, मध्ये युद्धामुळे दोन ऑलिंपिक झालीच नाहीत, तरी १९४८ चे सुवर्णही तिचेच. आणि १९५२ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ती तिसऱ्याच्या तयारीने आली होती. अंतिम फेरीत आठ जणी. प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळावयाचे. सर्व लढती संपल्या तेव्हा काम्बेर आणि एलेक यांचे विजय सारखेच, पाच-पाच. मग दोघींची निर्णायक लढत लावण्यात आली. त्या काळच्या नियमाप्रमाणे जिचे चार वार आधी लागतील ती विजयी. तीन-तीन अशी बरोबरी झाली आणि चौथा वार काम्बेरचा लागला. माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर लढत हीच. कारण एलेकसारखी प्रतिस्पर्धी समोर असताना जिंकणे ही गोष्टच निराळी. काम्बेरही मोठे आयुष्य जगली. २०२४ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, तिचे निधन झाले.

तिच्यानंतरचे फॉइलचे वैयक्तिक सुवर्ण इटलीला वीस वर्षांनी, १९७२ साली म्युनिक येथे, आंतोनेल्ला राग्नो हिने मिळवून दिले. तिचे ते चौथे ऑलिंपिक. १९६० साली रोमला सांघिक कांस्य मिळविणाऱ्या चमूत ती आणि काम्बेर एकत्र होत्या, आणि १९६४ साली टोकियोला तिने वैयक्तिक कांस्य मिळविले होते. तिचे वडीलही नामांकित तलवारपटू. राग्नोच्या कथेत वेगळा असा चमत्कार नाही. बारा वर्षे चिकाटीने खेळत राहणे, एवढाच काय तो चमत्कार.

मध्यंतरी हिवाळी सामन्यांत एक विलक्षण प्रकार घडला. १९६८ साली ग्रेनोबलच्या ऑलिंपिकमध्ये ‘लूज’ नावाच्या शर्यतीत, म्हणजे बर्फाच्या नागमोडी मार्गावरून छोट्या घसरगाडीवर उताणे पडून वेगाने खाली येण्याच्या शर्यतीत, पूर्व जर्मनीच्या तीन मुली बाद ठरविण्यात आल्या. त्यांनी आपल्या गाड्यांच्या पोलादी पट्ट्या तापवून घेतल्या होत्या, असा आरोप होता. तापलेली पट्टी बर्फावरून अधिक सहज घसरते. तोवर पहिल्या दोन जागा त्यांच्याकडे होत्या आणि तिसरी होती इटलीची एरिका लेख्नर. त्या बाद होताच ती पहिली आली, आणि हिवाळी ऑलिंपिकमधील इटालियन स्त्रीचे पहिले सुवर्ण अशा रीतीने पदरात पडले. तिचे नाव कानांना जर्मन वाटते आणि ते आहेही तसेच. ती दक्षिण तिरोल या आल्प्समधील प्रांताची, आणि तेथील बहुसंख्य लोक जर्मन बोलतात. पहिल्या महायुद्धानंतर तो प्रांत इटलीस जोडला गेला. १९९४ साली लूजमध्येच सुवर्ण मिळविणारी गेर्डा वाइसेनश्टाइनर हीही त्याच प्रांताची. इटलीच्या पदकांची यादी वाचताना तिच्यात अनेक भाषांची नावे आढळतात, त्याचे कारण असे भूगोलात आणि इतिहासात दडलेले आहे. भाषावार प्रांतरचना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

आता सारा सिमेओनी. वेरोना शहराजवळच्या रिव्होली वेरोनेझे या खेड्यात १९५३ साली तिचा जन्म झाला. लहानपणी तिला नृत्याची ओढ होती. पण मुलगी भराभर उंच वाढली आणि नर्तिकांच्या रांगेत ती बसेना. नृत्याने नाकारलेली उंची उंच उडीला उपयोगी पडली. १९६८ साली अमेरिकेच्या डिक फॉसबरीने आडव्या काठीकडे पाठ करून उडी मारण्याची नवी रीत दाखविली होती. सिमेओनीच्या पिढीने ती उचलली. तिची प्रतिस्पर्धी, पूर्व जर्मनीची रोझमारी आकरमान, मात्र जुन्या रीतीने, पोट काठीकडे करून उडी मारी, आणि त्याच रीतीने १९७७ साली दोन मीटरची उंची ओलांडणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली. पुढल्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९७८ रोजी ब्रेशा येथे, सिमेओनीने २.०१ मीटरचा जागतिक उच्चांक केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस प्रागच्या युरोपीय स्पर्धेत तेवढीच उडी पुन्हा मारून दाखविली. इटलीत तिची ती उंची ओलांडावयास २००७ साल उजाडावे लागले.

१९८० चे मॉस्को ऑलिंपिक राजकारणाने दुभंगलेले होते. अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैन्याच्या निषेधार्थ अनेक देशांनी बहिष्कार घातला. इटलीच्या सरकारचा कल बहिष्काराकडे होता, तर तेथील ऑलिंपिक समितीने खेळाडू पाठविण्याचे ठरविले. अखेर मार्ग निघाला तो असा, की खेळाडू जातील, पण राष्ट्रध्वजाखाली नव्हे, ऑलिंपिकच्या पाच वर्तुळांच्या ध्वजाखाली. २६ जुलै रोजी सिमेओनीने १.९७ मीटर उडी मारून सुवर्ण मिळविले. विजयमंचावर ती उभी राहिली तेव्हा वर चढला तो ऑलिंपिकचा ध्वज, आणि कानांवर आले ते ऑलिंपिकचे गीत. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहावी, त्या क्षणी आपल्या देशाचे सूर ऐकू येऊ नयेत! चार वर्षांनी लॉस एंजेलिसच्या उद्घाटनप्रसंगी इटलीचा ध्वज तिच्याच हाती देण्यात आला, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली असावी. तेथे तिने पूर्ण दोन मीटर उडी मारली आणि तरीही तिला रौप्यच मिळाले. पश्चिम जर्मनीची उलरीके मायफार्ट २.०२ मीटर उडाली. हीच मायफार्ट १९७२ साली सोळाव्या वर्षी सुवर्ण घेऊन गेली होती आणि तेव्हा सिमेओनी सहावी आली होती. बारा वर्षांच्या अंतराने त्याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. त्याच लॉस एंजेलिसमध्ये पादुआजवळच्या वेज्जानो गावची गाब्रिएल्ला दोरिओ १५०० मीटरची शर्यत जिंकली. मॉस्कोत तिचा क्रमांक चौथा होता.

यानंतरच्या काळात नावे इतकी वाढतात, की सर्वांचा परामर्श घेणे येथे शक्य नाही. हिमघसरणीत देबोरा कोम्पान्योनी हिने १९९२, १९९४ आणि १९९८ अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळविले. यांतील पहिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या शर्यतीत पडून तिच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला होता, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पुढील दोहोंची किंमत कळते. मानुएला दि चेन्ता हिने १९९४ साली पाच शर्यतींत पाच पदके घेतली, त्यांत दोन सुवर्ण. तिची देशभगिनी आणि कट्टर प्रतिस्पर्धी स्तेफानिया बेलमोन्दो हिची २००२ सालची शर्यत तर सांगितल्यावाचून राहवत नाही. पंधरा किलोमीटरच्या बर्फावरील धावेत तिच्या हातातील काठी मोडली. काठीवाचून या खेळात वेग येत नाही; नावाड्याने एक वल्हे गमवावे तशातला प्रकार. ती मागे पडली, दुसरी काठी मिळाली, आणि एकेकीला गाठत अखेर तिने सुवर्ण मिळविले. तिची अंगकाठी लहान, वय तेहेतीस. जर्मनीत जन्मून पुढे इटलीची नागरिक झालेली योझेफा इदेम २००० साली छत्तिसाव्या वर्षी नौकास्पर्धेत विजयी झाली, आणि २०१२ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने आपल्या आठव्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. पोहण्यातील पहिले सुवर्ण २००८ साली फेदेरिका पेल्लेग्रिनीने आणले.

परंतु थांबावयाचे ते येझी या गावाशी. इटलीच्या पूर्व किनाऱ्यापासून थोडे आत, मार्के प्रांतात, चाळीस हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. आपल्याकडे एखादे तालुक्याचे ठिकाण असावे, तेवढे. या एका गावातील एका तलवारबाजीच्या आखाड्यातून स्त्रियांच्या फॉइलच्या तीन वैयक्तिक ऑलिंपिक-विजेत्या निघाल्या : १९९२ साली जोव्हान्ना त्रिल्लिनी, २०००, २००४ आणि २००८ अशी सलग तीन वेळा व्हॅलेन्तिना वेत्साली, २०१२ साली एलिसा दि फ्रान्चिस्का. २००४ चा अंतिम सामना तर वेत्साली आणि त्रिल्लिनी यांच्यातच झाला. ज्या दोघी एकाच आखाड्यात वाढल्या, त्या अथेन्समध्ये सुवर्णासाठी एकमेकींवर शस्त्र रोखून उभ्या होत्या. २०१२ साली लंडनला तिन्ही पदके इटलीकडे गेली, आणि त्यांतील दोन येझीची.

याचे मूळ कोठे? एत्सिओ त्रिक्कोली नावाचा या गावचा मनुष्य महायुद्धात ब्रिटिशांच्या हाती सापडला आणि दक्षिण आफ्रिकेतील युद्धकैद्यांच्या छावणीत गेला. कंटाळवाण्या बंदिवासात तो तेथे तलवारबाजी शिकला. असेच हजारो इटालियन कैदी त्या वेळी आपल्या देशातही, डेहराडून आणि योल येथील छावण्यांत, दिवस मोजीत होते. सुटका झाल्यावर त्रिक्कोली गावी परतला आणि १९४७ साली त्याने तेथे आखाडा काढला. घराण्याची परंपरा नाही, मोठ्या शहराचे पाठबळ नाही. आपल्याकडच्या तालमीत वस्ताद जसा पोराच्या अंगकाठीनुसार त्याला डाव शिकवितो, तसाच हाही शिकवी. एका सांच्यातून सर्वांना काढण्याचा त्याला हव्यास नव्हता. त्रिल्लिनी डावखुरी आणि झुंजार, वेत्साली बारकी आणि चपळ. दोघींचा खेळ एकीवर दुसरीची छाप पडू न देता वाढला. गावातील मुले आपल्या शेजारच्या मुलीला पदक घेऊन परतताना पाहतात, संध्याकाळी त्याच जागी सराव करतात, आणि जग जिंकणे ही दूरची गोष्ट आहे असे त्यांना वाटेनासे होते. त्रिक्कोली १९९६ साली वारला. वेत्सालीची तिन्ही वैयक्तिक सुवर्णे त्याला पाहावयास मिळाली नाहीत.

वेत्सालीविषयी आणखी एक गोष्ट. २००५ सालच्या जून महिन्यात तिला मुलगा झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिने लाइपझिश येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले. मुसोलिनीच्या काळी मातृत्वाची सबब सांगून मुलींना मैदानाबाहेर ठेवू पाहणाऱ्यांना या घटनेचे काय वाटले असते? वेत्साली इटलीच्या पोलीस दलाच्या क्रीडापथकात होती. तेथील पोलीस, वित्तरक्षक आणि सैन्य यांच्या पथकांत खेळाडूला वेतन मिळते, सराव हेच तिचे काम होते. आपल्याकडे रेल्वेने जे केले त्याच जातीची ही व्यवस्था. पुष्कळ पदकांमागे ही रोजच्या भाकरीची निश्चिती उभी आहे, हे विसरून चालणार नाही. तलवारबाजीत ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेली पहिली भारतीय, चेन्नईची भवानी देवी, हिनेही आपली तयारी इटलीतच, लिव्होर्नो गावी, केली होती.

पावियाच्या मुलींकडे परत यावयाचे राहिले. त्यांच्या १९२८ सालच्या रौप्यपदकानंतर इटलीच्या स्त्रियांना कसरतीत सांघिक पदक मिळाले ते २०२४ साली, पॅरिसला. मध्ये शहाण्णव वर्षे लोटली. तेही रौप्यच होते. मात्र काही दिवसांनी त्याच संघातील आलिचे द’आमातो हिने तुळईवरील कसरतीत सुवर्ण मिळविले. इटालियन स्त्रीचे कसरतीतील ते पहिले सुवर्ण.

आणि मैदानी शर्यतींत? वाल्ला, सिमेओनी, दोरिओ यांच्यानंतर २०२४ पर्यंत आणखी एकच नाव या यादीत येते. दक्षिण इटलीतील मोत्तोला गावची आंतोनेल्ला पाल्मिसानो टोकियो ऑलिंपिकमधील २० किलोमीटर चालण्याची शर्यत जिंकली. उन्हाच्या भयाने ही शर्यत साप्पोरोला नेण्यात आली होती. आरंभीच्या काही किलोमीटरांत सर्वांच्या पुढे चालत होती ती भारताची प्रियांका गोस्वामी. पुढे ती मागे पडली आणि सतरावी आली. पाल्मिसानोने शेवटच्या टप्प्यात सर्वांना मागे टाकले. तिच्या केसांत नेहमीप्रमाणे आईने केलेले फूल होते. त्या दिवशी तिचा तिसावा वाढदिवस होता. तारीख होती ६ ऑगस्ट २०२१. बर्लिनच्या त्या शर्यतीला बरोबर पंच्याऐंशी वर्षे झाली होती.